चाकावर कोण बसणार

समाधान पगारेला चाक येत नाही. मातीचा गोळा चाकावर ठेवून त्याच्या हातात दिला तर गोळा दारू प्यायल्यासारखा झुलतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण लोक उलट समजतात. पाथर्डी गावाच्या पुढं त्याचं आणि बायकोचं पत्र्याचं शेड आहे. तिथं गाडी लावून आत येणारं प्रत्येक गिऱ्हाईक सरळ समाधानकडं जातं आणि म्हणतं, "वा, काय हात आहे तुमचा!" ज्या बाईचा तो हात आहे ती तीन फुटांवर चाकावर बसलेली असते, कोपरापर्यंत चिखलात. तिला विचारतात, "ताई, प्यायला पाणी मिळेल का?"

मी रवी. माझा छोटा हत्ती टेम्पो आहे, त्यांचा माल मीच पोचवतो. समाधान आणि मी अंबडच्या एका कारखान्यात एकाच भट्टीवर नऊ वर्षं होतो. लोखंडाचे भाग लालबुंद तापवायचे आणि तेलात बुडवायचे, हे काम. कारखाना बंद पडला. मी टेम्पो घेतला, आणि तो बायकोच्या हाताखाली गेला. हाताखाली गेला, असंच लिहितोय. त्याला त्याची लाज वाटत नाही, तर वाचणाऱ्यानंही उगाच तोंड वाकडं करू नये.

त्याची बायको दीपमाला आधी इंदिरानगरात कामाला होती. तिथं एक बाई हौशी लोकांना मातीकाम शिकवायच्या. दीपमाला त्यांच्या बादल्या धुवायची, फरशी पुसायची. शिकणारे गाडीत बसून गेले की उरलेल्या लगद्यावर हात चालवायची. दोन वर्षांनी त्या बाईच म्हणाल्या, "फरशीला दुसरी कोणीतरी बघते. तू ह्यांना शिकव." सांगायचं एवढंच, की हिला हे कुणी ताटात वाढून दिलेलं नाही.

त्या दोघांचं काम बघायचं असेल तर सकाळी सातला जावं. माती गुजरातेतून गोणीत येते. समाधान ती भिजवतो आणि मळतो. मळतो म्हणजे अख्खं अंग घालतो. दर थोड्या वेळानं तारेनं गोळा मधोमध कापून बघतो, आत हवेचा फुगा राहिलाय का. राहिला तर भट्टीत ते ताट फुटतं आणि शेजारची चार घेऊन जातं. मग प्रत्येक गोळा काट्यावर तोलून दीपमालाच्या उजव्या हाताला रांगेत ठेवतो. ती बघत नाही. हात लांब करते, गोळा हाताशी असतोच. चाक फिरतं, गोळा बसतो, पसरतो, कड वर येते, आणि आपण काय झालं म्हणेपर्यंत ताट झालेलं असतं. अकरापर्यंत वीस ताटं. त्यानंतर तिचा खांदा बोलायला लागतो, म्हणून थांबते. दुसऱ्या दिवशी ताट जरा सुकलं की उलटं करून बूड तासते आणि खिळ्यानं त्यावर नाव लिहिते. दीपमाला. पूर्ण. नुसता 'दी' किंवा इंग्रजी अक्षरं, असली भानगड नाही.

मग ताटं समाधानची. रंगात बुडवणं त्याचं, भट्टी लावणं त्याचं. भट्टीला काटा आहे, पण तो भोकातून आत बघतो आणि ज्वाळेच्या रंगावरून सांगतो, आता वीस मिनिटं. नऊ वर्षांचं लोखंड कुठंतरी कामाला आलं. भट्टी थंड व्हायला दोन दिवस लागतात आणि यांची भांडणं त्या दोन दिवसांतच होतात. एरवी दोघांनाही वेळ नसतो.

मी बरेच नवराबायको बघितलेत. एकमेकांच्या कामाला असा मान देणारे फार नाहीत. म्हणून त्या दिवशी समाधाननं जे केलं त्याचा मला इतका राग आला.

उज्वला मॅडम आल्या होत्या. गंगापूर धरणाच्या बाजूला एक मोठं हॉटेल सुरू होणार होतं, त्याच्या सजावटीचं काम त्यांच्याकडं. एकशे चाळीस ताटं हवी होती. ताटं त्यांना खरोखर आवडली, ते नाकारत नाही. एक एक उचलून उजेडात धरत होत्या. मग खुर्ची ओढून समाधानसमोर बसल्या. दीपमाला आत चाकावर होती आणि मी माल भरत होतो. ऐकू सगळ्यांना येत होतं.

"पगारे म्हणजे तुम्ही कुंभारच ना?"

"नाही मॅडम. आम्ही बौद्ध."

"अच्छा." मॅडम थांबल्या. हा 'अच्छा' आम्ही जन्मापासून ऐकतोय, त्याची लांबी आम्हाला फूटपट्टीशिवाय मोजता येते. "हरकत नाही. व्हिडिओत आडनाव येणारच नाही."

"कसला व्हिडिओ?"

मग त्यांनी समजावलं. गिऱ्हाईकाला नुसतं ताट नको असतं, त्यामागची गोष्ट हवी असते. हॉटेलच्या हिरवळीवर जुनं दगडी चाक मांडायचं. समाधाननं धोतर-पागोट्यात चाकावर बसायचं. ताईंनी डोक्यावर माठ घेऊन मागून चालायचं. प्रत्येक टेबलावर एक कार्ड: सात पिढ्यांची कुंभारकी, गोदावरीची माती.

"माती गुजरातची आहे," समाधान म्हणाला.

"दादा, ते कोण विचारतंय? तुम्ही फक्त चाकावर बसा. दोन मिनिटांचं काम."

आणि समाधान म्हणाला, "हो."

आतलं चाक थांबलं. मॅडमना ते कळलं नाही, मला कळलं.

मॅडमची गाडी गेल्यावर मी त्याला धरलं. "अरे, जात नाही लपवलीस आणि बायको लपवलीस?"

"हातच तर दिसणार आहेत रे. एकशे चाळीस ताटं आहेत. लोक जेवतील तिच्या ताटात."

"तिच्या कुठं? सात पिढ्यांच्या."

त्यानं मान खाली घातली. मग खरं बोलला. "आयुष्यात पहिल्यांदा कुणी मॅडम खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. 'हो' निघून गेलं तोंडातून."

दीपमाला हात धुऊन बाहेर आली. ओरडली नाही. आपलं लाकडी स्टूल पायानं त्याच्याकडं सरकवलं. "बसा."

"कशाला?"

"हो म्हणालात ना? ताटं होऊन भट्टी लागेपर्यंत दिवस आहेत. शिका."

रोजची ताटं करून झाली की दुपारी ती त्याला चाकावर बसवायची. मी दोन-तीनदा मुद्दाम बघायला गेलो. हसून हसून पोट दुखलं.

"कोपर मांडीला टेकवा. अहो, मांडीला! हवेत काय पतंग उडवताय?"

"टेकवलंय."

"जोर लावू नका. तुम्ही तिला ढकलताय. नुसता हात स्थिर ठेवायचा, तिला आपोआप मधोमध येऊ द्यायचं."

गोळा एकदा उजवीकडं, एकदा डावीकडं, आणि मग समाधानच्या शर्टावर.

"माला, ही माती माझ्यावर खार खाऊन आहे."

"माती नाही. मी."

तरी शिकवायचं तिनं सोडलं नाही. मनापासून शिकवत होती, अगदी पहिल्या दिवशीच्या पोराला शिकवावं तसं. मला ते समजेना. मी म्हटलं, "वहिनी, कशाला हे? सरळ नाही म्हणून सांगा."

"मी का सांगू? 'हो' यांनी म्हटलंय. 'नाही' पण यांनीच म्हणायचं." आणि पुढचा गोळा त्याच्यापुढं ठेवला.

ताटं झाली. एकशे साठ केली होती, भाजून निघाल्यावर दीपमालानं एक एक बोटानं वाजवून बघितलं आणि अकरा स्वतःच्या हातानं फोडली. त्यातली दोन तर मला एकदम चांगली दिसत होती. नारळ फोडावा तशी फोडते ती, हळहळ नाही.

शूटिंगच्या दिवशी सकाळी मॅडमनी मला सायखेड्याला पाठवलं. तिथल्या चिमाजी कुंभाराचं दगडी चाक आणि खुद्द चिमाजी, दोघांना आणायचं होतं. म्हातारा पंच्याहत्तरीचा असेल. चाक टेम्पोत ठेवताना त्यानं खाली दोन गोधड्या घातल्या, स्वतःच्या सीटवर एकही नाही.

निघाल्यावर विचारलं, "ते पगारे कोन म्हनायचे?"

"बौद्ध. मी पण."

चांदोरी येईपर्यंत तो बाहेर बघत होता. मग म्हणाला, "आन चाक कुनाकडं शिकला?" जातीपेक्षा त्याला तेच जास्त खुपत होतं असं मला वाटलं. मी म्हटलं, "बायकोकडं." त्यानं माझ्याकडं बघितलं, मग पुन्हा बाहेर. मी चेष्टा करतोय असंच त्याला वाटलं.

हॉटेलच्या हिरवळीवर चिमाजीनं खुंटा रोवायला पहार मागितली आणि माळ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मऊ मऊ गवत हातभर खणून काढलं. खुंट्यावर चाक बसवलं, काठी घालून एकदा फिरवून बघितलं. दगड असा फिरायला लागला की आवाज नाही, डुगडुग नाही. दीपमाला पुढं झाली.

"बाई, लांबून," चिमाजी म्हणाला. "आमच्यात बाईमानूस चाकाला शिवत नाय."

ती थांबली.

तिच्यासाठी नऊवारी आणली होती. तिनं घातली नाही. मातीचे डाग पडलेल्या पंजाबी ड्रेसवर, ओढणी कमरेला बांधून तशीच उभी राहिली. समाधानचं धोतर शिवलेलं होतं, नाडीचं. पागोटं कानावर येत होतं. त्याचं तोंड असं झालं होतं की मला हसू आलं नाही, आणि माझं हसू सहसा कशानं अडत नाही.

कॅमेरावाला शेखर म्हणाला, "सर, रेडी?"

चिमाजीनं काठीनं चाकाला गरगर फिरवलं. समाधान उकिडवा बसला, गोळ्यावर हात ठेवला, आणि गोळा निघाला तो थेट माळ्याच्या पायाशी. दुसरा गोळा उभा राहिला, वाकला, चाकावर लोळला. समाधान हातानं त्याला सावरायला गेला तर अर्धा चिखल त्याच्या पागोट्यावर.

"चालेल, चालेल," शेखर म्हणाला. "सर, तुम्ही नुसते हात ठेवून हसा. जवळून बाबांचे हात घेऊ, लांबून तुम्ही."

"परफेक्ट," उज्वला मॅडम म्हणाल्या.

म्हणजे तोंड समाधानचं, हात चिमाजीचे, ताटं दीपमालाची, आणि हे सगळं मिळून सात पिढ्या. माझं डोकं तापलं होतं. पण मी टेम्पोवाला, मला कोण विचारतो.

तिसऱ्या गोळ्याला चिमाजीच भडकला. चाकावर चिखलाचा काला झाला होता, आणि समाधान त्यात हात घालून हसत होता, कारण त्याला हसायला सांगितलं होतं. म्हाताऱ्यानं काठी टाकली. "ऊठ! माज्या बापाचं चाक हाय हे. काय खेळ लावलाय का?"

"बाबा, मग तुम्हीच बसा ना," मॅडम म्हणाल्या.

चिमाजीनं ऐकलं नाही. आदल्या दिवशी मी पोचवलेल्या ताटांचे ढीग बाजूला पेंढ्यात होते, त्यातलं एक उचललं, बोटानं वाजवलं. टण्ण. पालथं करून बुडावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. "ही कुनी काढली?"

समाधान उठला. धोतर चिखलानं पायाला चिकटलं होतं. कॅमेरा चालू होता.

"हिनं," तो म्हणाला. "मला चाक येत नाही. मी माती मळतो आणि भट्टी लावतो. चाक हिचं आहे."

"दादा, प्लीज. आपलं ठरलंय."

"मी ठरवलं होतं, मॅडम. हिला न विचारता. चुकलो." आणि पागोटं काढून त्यानं मॅडमच्या खुर्चीवर ठेवलं.

माझा मित्र आहे म्हणून सांगत नाही. एका माणसानं कॅमेऱ्यासमोर 'मला येत नाही' म्हणणं मी तरी पहिल्यांदाच बघितलं. आपल्याकडं ज्यांना काही येत नाही ते सगळे कॅमेऱ्यासमोरच असतात.

चिमाजी ताट हातात घेऊन दीपमालाकडं बघत होता.

"चाक तुमचं आहे, बाबा," दीपमाला म्हणाली. "तुम्ही नाही म्हणालात तर मी नाही बसणार. पण ह्यांना बसवलंत. ह्यांना तर काहीच येत नाही."

"तो बाप्यामानूस हाय."

"म्हणून?"

म्हाताऱ्यानं चाकाकडं बघितलं. ओल्या फडक्यानं स्वतः चाक पुसून काढलं, अगदी कडेपर्यंत. मग मातीचा नवा गोळा मध्ये आपटला.

"बस," म्हणाला. "ह्या काल्यापरीस बरं."

दीपमाला जमिनीवर बसली. ह्या चाकावर ती कधी बसली नव्हती. तिचं चाक विजेचं, स्टुलावर बसून चालवायचं, आणि ते फिरतं घड्याळाच्या उलट. चिमाजीचं घड्याळासारखं फिरतं. काठी लागली, दगड फिरला, तिनं हात ठेवले आणि गोळा तिच्या अंगावर चालून आला. चाक थांबलं.

"जमंना?" चिमाजीच्या आवाजात थोडा आनंद होता, खोटं का सांगू.

"उलटं फिरतंय."

"उलटं नाय. तुजं उलटं असंल."

"असेल." तिनं दोन्ही हात समोर धरून बघितले. जो हात आत जायचा तो बाहेर घेतला, जो बाहेर असायचा तो आत. इतक्या वर्षांची सवय अशी हवेतल्या हवेत बदलून बघत होती, ओठ आवळून. "फिरवा."

दुसरा गोळा बसला नाही. तिसरा जवळजवळ बसला आणि कडेनं फाटला. समाधान चिखलाच्या धोतरात तिच्या उजव्या हाताला येऊन बसला, आणि गोळे मळून द्यायला लागला. तारेनं कापून, बघून. मॅडम घड्याळ बघत होत्या. चौथ्या गोळ्याला दीपमालानं डोळे मिटले. गोळा थरथरला, थरथरला, आणि शांत झाला. शांत झाला म्हणजे फिरतोय हेही कळेना. तिनं अंगठा आत घातला. भिंत वर आली. गल्लासाएवढं एक भांडं उभं राहिलं, जरा कललेलं.

"तोंड वाकडं हाय," चिमाजी म्हणाला.

"आहे."

"आमच्या पोराचं पयलं भांडं चार म्हैन्यानं उबं ऱ्हायलं होतं." एवढं बोलून त्यानं दोऱ्यानं भांडं कापलं आणि तळहातावर घेऊन गवतावर ठेवलं, उन्हापासून लांब.

शेखरनं हे सगळं घेतलं होतं. त्याचा चेहरा उजळला होता. उज्वला मॅडमनी मान हलवली. "छान आहे, पण हे वापरता येणार नाही. ड्रेस, बोलणं, काहीच आपल्या कार्डशी जुळत नाही. बाबा, आता तुम्ही बसा. बाकी कार्ड आहे तेच राहील."

"मग ताटं राहणार नाहीत," दीपमाला म्हणाली.

ती पाणी घेऊन हात धूत होती, आवाजही चढवला नाही. समाधाननं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तो उठला, ताटांच्या ढिगापाशी गेला आणि एक एक ताट पेंढ्यात गुंडाळून टेम्पोत ठेवायला लागला. ह्याच माणसाला ही ऑर्डर हवी होती. मी टेम्पोचा मागचा फळका पाडला आणि त्याच्या मदतीला गेलो. तीस ताटं भरून झाली.

"रविवारी उद्घाटन आहे," मॅडम म्हणाल्या. "मी आता ताटं कुठून आणू?"

"ताटं हीच आणा," दीपमाला म्हणाली. "कार्ड नको. मी सात पिढ्यांची नाही, पहिलीच आहे. ते लिहायचं नसेल तर काहीच लिहू नका."

मॅडम फोन घेऊन लांब गेल्या. हॉटेलमालकाशी बोलत हिरवळीवर फेऱ्या मारल्या. परत आल्या तेव्हा थकल्या होत्या. त्या वाईट बाई नाहीत, त्यांना विकायचं असतं. "ठीक आहे. कार्ड नाही, व्हिडिओ नाही. ताटं उतरवा."

उतरवली. एकशे चाळीस, मोजून, आणि नऊ वर. परतताना दीपमाला आणि समाधान मागं चाकाजवळ बसले, चिमाजी माझ्याशेजारी. गेटबाहेर पडल्यावर माझ्यानं राहवलं नाही. मागच्या खिडकीतून ओरडलो, "वहिनी, नाव बुडाला आहे. वर भाजी, भात, वरण. हॉटेलात ताट पालथं करून कोण बघतंय?"

"धुणारी बघते," ती म्हणाली.

समाधान म्हणाला, "आणि मी रंगात बुडवताना. रोज बघतो."

"तुम्ही गप बसा. तुमच्याशी मी भट्टी लागल्यावर बोलते."

सायखेड्याला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. चिमाजीची सून सुवर्णा दारात आली. पदराला हात पुसत टेम्पोजवळ आली आणि चाकाच्या कडेला वाळलेला चिखल बघून म्हणाली, "मामा, लय काम झालेलं दिसतंय. कोन बसलं होतं?"

चिमाजी तंबाखू मळायला लागला. दीपमाला टेम्पोतून खाली उतरली.

"मी."

सुवर्णानं सासऱ्याकडं बघितलं. तो तंबाखूच मळत होता. तिनं दीपमालाचे हात बघितले, मग चाक.

"चहा टाकते," म्हणाली, पण आत गेली नाही. मी आणि समाधाननं चाकाला एका बाजूनं हात घातला. चिमाजी दुसऱ्या बाजूला यायला निघाला, तेवढ्यात ती मध्ये आली आणि वाकून दगड धरला. "हिकडनं मी धरते."

आम्ही दोघं थांबलो. उचलायचं की नाही, कळेना. म्हाताऱ्यानं तंबाखू तोंडात टाकली, तळहात झटकला.

"जड हाय ते," म्हणाला. "सावकाश घ्या."